हवेचा हिशेब मांडणारा पदविकाधारक : पॉल क्रुट्झन

(डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती महोत्सवातील व्याख्यानाची संहिता)



परमपूज्य बाबासाहेबांच्या जयंतीच्या व्यासपीठावरून एका डच रसायनशास्त्रज्ञाची जीवनकथा सांगण्याचे आम्ही ठरविले, याचे काहींना नवल वाटेल. दरवर्षी येथे बाबासाहेबांच्या अर्थविचारावर, घटनेवर, धम्मक्रांतीवर व्याख्याने होतात आणि ती झालीच पाहिजेत. परंतु बाबासाहेबांनी आपल्याला केवळ विषय दिले नाहीत, विषयांकडे पाहण्याची दृष्टी दिली. जे सांगितले जाते ते तपासून घ्यावे, कार्यकारणभाव शोधावा, आणि ज्ञानावर कोणा एका वर्गाचा मक्ता मानू नये, ही ती दृष्टी होय. त्या दृष्टीने पाहिले असता पॉल क्रुट्झन यांचे चरित्र आपल्याला परके वाटत नाही.

दुसरेही एक कारण आहे. या आखाती देशांत आपल्यापैकी कितीतरी जण स्थापत्याची पदविका घेऊन आले. कोणी आराखडे काढतो, कोणी बांधकामावर देखरेख करतो, कोणी आय.टी.आय. करून वायरमन वा फिटर झाला. "घरची परिस्थिती नव्हती, म्हणून डिग्री राहिली," हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. १९९५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या तिघांपैकी एक जण असाच स्थापत्याचा पदविकाधारक होता आणि ऐन तारुण्यात पुलांच्या कचेरीत नोकरी करीत होता, हे येथील तरुणांना माहीत असले पाहिजे असे आम्हांस वाटते.

पॉल क्रुट्झन यांचा जन्म ३ डिसेंबर १९३३ रोजी ॲम्स्टरडॅम शहरात झाला. वडील उपाहारगृहात वाढपी होते आणि आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करी. घराण्यात विद्यापीठाची परंपरा नव्हती. १९४० साली मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हा नाझी जर्मनीने हॉलंड व्यापला होता. शाळेची इमारत ताब्यात घेतली गेली आणि मुलांचे वर्ग एका जागेवरून दुसरीकडे हलविले जाऊ लागले. १९४४-४५ चा हिवाळा हॉलंडच्या इतिहासात 'भुकेचा हिवाळा' म्हणून नोंदला गेला आहे. अन्न नाही, जळण नाही, पाणी दिवसातून काही तास. क्रुट्झन यांचे कित्येक शाळासोबती उपासमारीने आणि रोगराईने दगावले. त्या काळात स्वीडनच्या रेडक्रॉसकडून आलेला पांढरा पाव त्यांना आयुष्यभर आठवत राहिला. पुढे याच स्वीडनने त्यांना विद्याही दिली.

१९५१ साली शालान्त परीक्षेच्या वेळी ते तापाने फणफणले होते. गुण कमी पडले आणि विद्यापीठासाठीची शिष्यवृत्ती हुकली. चार वर्षांच्या विद्यापीठीय शिक्षणाचा भार आईवडिलांवर टाकणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. म्हणून त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीचा तीन वर्षांचा तांत्रिक अभ्यासक्रम निवडला. त्यातील दुसरे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असे आणि त्याचे थोडेसे वेतन मिळे. त्या वेतनावर त्यांनी दोन वर्षे काढली. १९५४ साली ते ॲम्स्टरडॅम नगरपालिकेच्या पूलबांधणी कचेरीत रुजू झाले.

येथे क्षणभर थांबू या. आपल्या देशात 'गुणवत्ता' हा शब्द आपल्यावर शस्त्रासारखा उगारला जातो. राखीव जागांचा प्रश्न निघाला की गुणपत्रिका पुढे केली जाते. ती कोणत्या घरात लिहिली गेली, परीक्षेच्या आदल्या रात्री त्या घरात दिवा होता की नाही, मुलाच्या पोटात काय होते, याची नोंद तीत नसते. १९०७ साली मॅट्रिकच्या परीक्षेत बाबासाहेबांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. त्या आकड्यावरून कोणी त्यांचे भवितव्य ठरविले असते, तर कोलंबिया विद्यापीठाचा आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा तो थोर विद्यार्थी जगाला दिसलाच नसता. क्रुट्झन यांच्या गुणपत्रिकेवर त्या दिवशीच्या तापाची नोंद झाली, बुद्धीची नाही. मात्र क्रुट्झन यांची अडचण गरिबीची होती. आपली अडचण गरिबी आणि जात अशी दुहेरी होती व आहे. त्यांच्या वाटेत अस्पृश्यतेची भिंत नव्हती. तुलना करताना हा भेद विसरून चालणार नाही.

१९५८ साली त्यांचा विवाह फिनलंडच्या टेर्टू यांच्याशी झाला आणि दांपत्य स्वीडनमधील येव्ले या गावी राहावयास गेले. तेथेही इमारत-बांधणीच्या कचेरीतच नोकरी होती. एके दिवशी त्यांनी वृत्तपत्रात एक जाहिरात वाचली. स्टॉकहोमच्या हवामानशास्त्र विभागाला संगणकाचा प्रोग्रॅमर हवा होता. क्रुट्झन यांना प्रोग्रॅमिंगचा तिळमात्र अनुभव नव्हता, तरी त्यांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. १ जुलै १९५९ रोजी पंचवीस वर्षांचा हा बांधकाम-तंत्रज्ञ हवामानशास्त्राच्या दारात उभा राहिला.

त्या विभागाला कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांची परंपरा होती आणि पुढे बर्ट बोलीन यांचे नेतृत्व लाभले. हेच बोलीन १९८८ साली हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. क्रुट्झन यांचे काम होते हवामान-अंदाजाची गणिते त्या काळच्या अवाढव्य यंत्रांवर बसविण्याचे. परंतु तेथे एक मोलाची सवलत होती : नोकरी करता करता विद्यापीठाच्या तासांना बसता येत असे. त्यांनी गणित, संख्याशास्त्र आणि हवामानशास्त्र हे विषय घेऊन १९६३ साली पदवी मिळविली. प्रयोगशाळेत तासन्‌तास उभे राहावे लागणारे विषय नोकरीमुळे घेता आले नाहीत. त्यात रसायनशास्त्रही होते. शाळेतही तो त्यांचा आवडता विषय नव्हता. ज्या माणसाने रसायनशास्त्राची रीतसर पदवी घेतली नाही त्याला पुढे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ही गोष्ट पदव्यांच्या चौकटींविषयी बरेच काही सांगून जाते.

आता त्यांच्या विषयाकडे वळू. आपण श्वासावाटे जी कोरडी हवा घेतो तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के प्राणवायू आणि एक टक्क्याहून किंचित कमी आरगॉन असतो. या तिघांची बेरीज ९९.९ टक्क्यांच्या पुढे जाते. उरलेल्या लेशमात्र अंशात कार्बन डायऑक्साइड, मिथेन, ओझोन, नायट्रोजनची ऑक्साइडे असे असंख्य वायू येतात. त्यांच्या जोडीला हवेत तरंगणारे अतिसूक्ष्म कण असतात : धूळ, मीठ, काजळी, गंधकाम्लाचे थेंब. प्रमाण नगण्य, परंतु पृथ्वी किती तापावी, पाऊस कसा पडावा, सूर्याचे घातक किरण खाली पोहोचावेत की नाही, हे ठरविण्यात या अल्पसंख्य घटकांचा वाटा मोठा आहे. या लेशवायूंचा आणि सूक्ष्मकणांचा हिशेब मांडणे हेच वातावरण-रसायनशास्त्रज्ञाचे काम होय.

जमिनीपासून साधारण पंधरा ते पन्नास किलोमीटर उंचीच्या स्थितांबरात ओझोन असतो. तो सारा गोळा करून समुद्रसपाटीवर आणला तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा भरेल. एवढ्याशा थरावर प्राणिमात्राची त्वचा, डोळे आणि पिके अवलंबून आहेत. सूर्याच्या अतिनील किरणांनी प्राणवायूचे रेणू फुटतात आणि ओझोन तयार होतो, हे १९३० पासून ज्ञात होते. परंतु सिद्धान्तानुसार जितका ओझोन असावयास हवा, त्याहून प्रत्यक्षात तो कमी भरत होता. उत्पन्न माहीत आहे, शिल्लक माहीत आहे, आणि मधला खर्च कोठे झाला ते खातेवहीत सापडत नाही, असा हा प्रकार होता.

१९६५ साली एका अमेरिकन शास्त्रज्ञाला ओझोनच्या गणितात संगणकीय साहाय्य करण्याचे काम क्रुट्झन यांच्याकडे आले आणि त्यांना या विषयाची गोडी लागली. प्रबंधासाठी वरिष्ठांची इच्छा वेगळ्या विषयाची असतानाही त्यांनी ओझोन निवडला, कारण मानवी उपद्रवापासून दूर असलेल्या शुद्ध निसर्गप्रक्रियेचा अभ्यास करावा असे त्यांच्या मनात होते. पुढे हाच विषय मानवी उपद्रवाची सर्वांत मोठी साक्ष ठरणार होता, याची तेव्हा त्यांना कल्पना नव्हती.

१९७० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी तो हरवलेला खर्च दाखवून दिला. नायट्रिक ऑक्साइडचा रेणू ओझोनमधील एक अणू काढून घेतो व नायट्रोजन डायऑक्साइड होतो. मग तो सुट्या प्राणवायू-अणूशी संयोग पावून पुन्हा मूळ रूपात येतो आणि पुढच्या ओझोन-रेणूवर चाल करतो. स्वतः न संपता हे चक्र तो पुनःपुन्हा फिरवीत राहतो. उत्प्रेरक म्हणतात तो हाच. हा वायू एवढ्या उंचीवर येतो कोठून? क्रुट्झन यांनी दाखविले की मातीतील जीवाणूंपासून निघणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू खालच्या हवेत फारसा नष्ट होत नाही, हळूहळू वर चढतो, आणि तेथे त्याच्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतो. शेतातल्या मातीचा आणि आकाशातल्या छत्राचा असा थेट संबंध आहे. शेतात नायट्रोजनयुक्त खते वाढली की हा वायूही वाढतो. म्हणजे बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या कृतीचा हिशेब आकाशात लागतो.

त्याच सुमारास आवाजाहून जलद उडणाऱ्या विमानांचे मोठे ताफे उभारण्याचा विचार पाश्चात्त्य देशांत चालू होता. ही विमाने स्थितांबरातच उडणार आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तेथेच सोडणार होती. कॅलिफोर्नियाचे हॅरॉल्ड जॉन्स्टन यांनी १९७१ साली या धोक्याचे गणित मांडले. क्रुट्झन यांनीही १९७३ च्या आपल्या प्रबंधात विमानांमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा ऊहापोह केला. त्याच वर्षी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांना सर्वोच्च श्रेणीसह डॉक्टरेट मिळाली. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी शीतकपाटांत व फवाऱ्यांच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुओरोकार्बन वायूंपासून ओझोनला असलेला धोका दाखविला. मोलिना मूळचे मेक्सिकोचे. वाढप्याचा मुलगा, मेक्सिकोतून आलेला तरुण आणि अमेरिकन प्राध्यापक अशा तिघांना १९९५ चे नोबेल एकत्रित मिळाले.

मधल्या काळात निसर्गानेच साक्ष दिली. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनमध्ये वसंत ऋतूत पडणारे खिंडार जाहीर केले. कोणत्याही गणिताने इतकी घट वर्तविलेली नव्हती. १९८६ साली क्रुट्झन आणि फ्रँक अर्नोल्ड यांनी स्पष्टीकरणातील एक महत्त्वाचा दुवा पुढे आणला. ध्रुवीय हिवाळ्याच्या कडाक्यात नायट्रिक आम्ल आणि पाणी यांचे सूक्ष्मकण तयार होतात. अशा कणांच्या पृष्ठभागावर निद्रिस्त क्लोरीन जागा होतो आणि सूर्य उगवताच ओझोनचा संहार सुरू करतो. वायू आणि कण यांचे संगनमत येथे उघडकीस आले.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. भारतासारख्या देशांचा प्रश्न रास्त होता : वायू सोडले श्रीमंतांनी, शीतकपाट घेण्याची आमची पाळी आली तेव्हाच बंदी का? १९९० साली लंडन येथे गरीब देशांना नवे तंत्रज्ञान घेण्यासाठी बहुपक्षीय निधी स्थापन झाला आणि १९९२ साली भारत करारात सामील झाला. २००९ पर्यंत संयुक्त राष्ट्रांचे सर्व सदस्य देश त्यात आले. ओझोनचा थर आता सावरत असून अंटार्क्टिकावर तो १९८० च्या पातळीवर येण्यास सुमारे २०६६ साल उजाडेल, असे २०२२ च्या शास्त्रीय अहवालाचे अनुमान आहे. आम्हांस यातील महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी : नियम सर्वांना एक, परंतु जो मागे आहे त्याला मुदत आणि साहाय्य अधिक, या तत्त्वावर हा करार यशस्वी झाला. समान नियमाबरोबर विशेष संधी लागते, हे तत्त्व आपल्या संविधानात बाबासाहेबांनी याआधीच घालून ठेवले होते.

१९७४ ते १९८० क्रुट्झन अमेरिकेत बोल्डर येथे होते आणि १९८० पासून २००० पर्यंत जर्मनीतील माइन्ट्झ येथील मॅक्स प्लांक रसायन संस्थेत संचालक होते. या काळात त्यांचे लक्ष स्थितांबरातून खाली, धुराकडे वळले. तोवर प्रदूषण म्हणजे कारखाने आणि मोटारी, आणि ते उत्तर गोलार्धातील शहरांचे दुखणे, अशी समजूत होती. ब्राझीलमध्ये जाऊन त्यांनी जंगल व गवत जाळताना निघणारे वायू मोजले आणि दाखवून दिले की उष्ण कटिबंधात जळणारे लाकूड, गवत आणि पिकांचे अवशेष यांचाही जगाच्या हवेवर मोठा परिणाम होतो. १९८२ साली जॉन बर्क्स यांच्यासह त्यांनी अणुयुद्धानंतरच्या आकाशाचे चित्र मांडले. शहरे आणि जंगले जळाली तर काजळीने सूर्य झाकोळेल, भर दुपारी संधिप्रकाश होईल आणि बॉम्बमधून वाचलेले लोक उपासमारीने मरतील, असा त्याचा आशय होता. 'अणुहिवाळा' ही संकल्पना त्यातूनच पुढे विकसित झाली. भुकेच्या हिवाळ्यात वाढलेल्या माणसाने हा इशारा द्यावा, यात आम्हांस योगायोग दिसत नाही.

आता आपल्या मायभूमीशी असलेला संबंध पाहू. १९९९ च्या जानेवारी ते मार्च या काळात हिंदी महासागरावर 'इंडोएक्स' नावाचा प्रचंड प्रयोग झाला. वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झन हे त्याचे प्रमुख शास्त्रज्ञ होते आणि भारतीय बाजूची धुरा डॉ. ए. पी. मित्रा यांनी सांभाळली. मालदीव येथे तळ होता. विमाने, उपग्रह आणि भारताच्या 'सागरकन्या' या जहाजासह अनेक जहाजे कामाला लागली. हिवाळ्यात वारा भारतीय उपखंडावरून समुद्राकडे वाहतो. त्याच्याबरोबर सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेला धुराचा एक तपकिरी थर लाखो चौरस किलोमीटर समुद्रावर तरंगत असलेला आढळला. त्यातील काजळी सूर्यप्रकाश शोषून घेत होती, त्यामुळे वरची हवा तापत होती आणि खाली समुद्रावर पोहोचणारा प्रकाश घटत होता. पावसावर त्याचा परिणाम काय होईल, हा प्रश्न मोसमी पावसावर जगणाऱ्या आपल्या देशासाठी जिव्हाळ्याचा होता आणि आहे.

२००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालात याला 'आशियाई तपकिरी ढग' असे नाव दिले गेले. भारतातून त्याला तीव्र विरोध झाला आणि पुढे 'आशियाई' हा शब्द गळाला. विरोधात तथ्य होते. धूर सर्व खंडांत आहे, आणि जगाचे वातावरण बिघडविण्यात श्रीमंत देशांचा वाटा फार मोठा आहे. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ सालीच गरिबाच्या चुलीचा धूर आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एका तागडीत घालू नका, असे बजावले होते. ते आम्हांस मान्य आहे. परंतु एक प्रश्न आपण विचारला पाहिजे. राष्ट्राराष्ट्रांत जो न्याय आपण मागतो, तो राष्ट्राच्या आत लागू करतो काय? परिषदेत गरीब माणसाच्या नावाने सवलत मागायची आणि गावी त्याच माणसाला धुरात ठेवायचे, हा न्याय नव्हे.

कारण तो धूर कोणाचा होता, याचे उत्तर शास्त्राने दिले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील चंद्रा वेंकटरमण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखविले की भारतातील काजळीचा सर्वांत मोठा उगम घरगुती चुलीतील सरपण, गोवऱ्या व पिकांचे अवशेष हा आहे. २००९ साली स्टॉकहोम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी, म्हणजे क्रुट्झन यांच्याच विद्यापीठाने, पुण्यातील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या सहकार्याने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यासाठी हवेचे नमुने मालदीवमध्ये आणि आपल्या सिंहगडावर घेतले होते. कोळसा आणि खनिज तेल लक्षावधी वर्षे जुने असल्याने त्यांच्यातील किरणोत्सारी कार्बन संपलेला असतो. लाकडात आणि शेणात तो ताजा असतो. या कसोटीने मोजता काजळीचा निम्मा ते दोन-तृतीयांश भाग लाकूडफाटा, गोवऱ्या आणि शेतातील जाळपोळ यांतून आल्याचे निष्पन्न झाले. कोंढाण्याचा इतिहास आपण पोवाड्यांतून ऐकला. गडावरच्या हवेने सांगितलेला हा इतिहास मात्र आपल्या आईचा आहे.

होय, आपल्या आईचाच. पहाटे उठून, ओले सरपण फुंकणीने पेटविताना डोळ्यांतून पाणी काढणारी आई आपणा सर्वांना आठवते. चार पावलांची खोली, धुराडे नाही, कडेवर मूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार २०२० साली घरातील धुरामुळे जगात ३२ लाख मृत्यू झाले. माइन्ट्झच्या संस्थेत क्रुट्झन यांची गादी सांभाळणारे योस लेलीफेल्ड यांनी २०१५ साली दाखवून दिले की बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाने होणाऱ्या अकाली मृत्यूंमागेही जगात सर्वांत मोठा वाटा घरगुती जळणाचा आहे, आणि भारत व चीनमध्ये तो विशेष आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेखाली गॅसची जोडणी कोट्यवधी घरांत गेली. परंतु जोडणी मिळणे वेगळे आणि रिकामी टाकी पुन्हा भरणे परवडणे वेगळे. ज्याच्या हाताला नियमित मजुरी नाही, त्याच्या घरात चूल पुन्हा पेटते. १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी बाबासाहेबांनी सत्याग्रह केला. पाण्यावर पहारा बसविता येतो, हवेवर येत नाही, म्हणून हवा सर्वांना सारखी मिळते असे आपण समजत आलो. शास्त्र सांगते की ती सारखी मिळत नाही. स्वच्छ श्वास हाही समतेचा प्रश्न आहे.

२००० साली मेक्सिकोतील एका बैठकीत क्रुट्झन यांनी म्हटले की आपण ज्या युगात राहतो त्याला आता मानवाचेच नाव दिले पाहिजे. 'अँथ्रोपोसीन' हा शब्द यूजीन स्टोर्मर आधीपासून वापरीत होते. दोघांनी तो त्याच वर्षी मिळून मांडला. भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मार्च २०२४ मध्ये त्याला अधिकृत युगाचा दर्जा नाकारला, तरी विचारविश्वात तो रुजला आहे. २००२ च्या लेखात क्रुट्झन यांनी नमूद केले होते की हा सारा परिणाम मुख्यतः जगातील केवळ २५ टक्के लोकसंख्येने घडविला आहे. 'मानव' म्हणताना कोणता मानव, हा प्रश्न त्यांनी झाकून ठेवला नाही. २००६ साली त्यांनी स्थितांबरात गंधकाचे कण सोडून पृथ्वी थंड ठेवता येईल काय, याचा विचार मांडला. टीका झाली. परंतु धूर व वायू इतके कमी करावेत की असल्या उपायाची गरजच पडू नये, हीच आपली खरी इच्छा असल्याचे त्यांनी त्यातच लिहिले होते. २८ जानेवारी २०२१ रोजी माइन्ट्झ येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या संस्थेचे काम आपण राहतो त्या प्रदेशापर्यंत आले आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात तिचे संशोधक जहाजातून सुएझ कालवा, तांबडा समुद्र आणि अरबी समुद्रमार्गे कुवेतपर्यंत आले व परतले. जमिनीलगतचा, फुफ्फुसांना घातक असा ओझोन त्या प्रवासात सर्वाधिक आढळला तो या आखातावर. तेलाचा धूर, जहाजांचा धूर आणि प्रखर ऊन यांच्या संयोगाने तो बनतो. येथे उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरील काम थांबविण्याचा नियम आहे. तो उष्म्यासाठी आहे. श्वासाचा विचार अजून व्हावयाचा आहे, आणि उघड्यावर काम करणाऱ्यांत आपले कितीतरी बांधव आहेत.

बंधूभगिनींनो, या चरित्रातून काय घ्यावयाचे? क्रुट्झन बुद्धिमान होतेच, परंतु बुद्धिमान माणसे आपल्या वस्त्यांत कमी नाहीत. त्यांना जे मिळाले आणि आपल्याला सहसा मिळत नाही ते एवढेच : नोकरीतून विद्येकडे जाणारे एक उघडे दार. असे दार आपोआप उघडत नाही, कोणीतरी ते उघडे ठेवावे लागते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीने बाबासाहेबांना १९१३ साली दार उघडले. १९१७ साली मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले आणि १९२० साली साठविलेला पगार, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राकडील उसनवार यांवर ते पुन्हा गेले. म्हणूनच व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी सरकारी साहाय्य मिळावे, याचा त्यांनी पाठपुरावा केला. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन मॉरिस यांनी हेच केले. वातावरणविज्ञानाचा डॉक्टरेटपर्यंतचा अभ्यासक्रम त्यांनी तेथे उभा केला, आणि २००४ पासून विद्यार्थ्यांना जहाजावर घेऊन अटलांटिकवर येणाऱ्या सहाराच्या धुळीचे मोजमाप सुरू केले. ज्या शास्त्रात त्यांच्या समाजाचे लोक दुर्मीळ होते, तेथे त्यांनी एक पिढी घडविली.

आमची आपणांस तीन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या मुलांना डॉक्टर आणि संगणक-अभियंता या दोनच वाटा दाखवू नका. हवा, पाणी आणि माती यांची मूलभूत शास्त्रे आपल्या माणसांची वाट पाहत आहेत. चुलीच्या धुराचा अभ्यास चुलीजवळ वाढलेल्या मुलीने केला, तर ती असे प्रश्न विचारील जे इतरांना सुचणार नाहीत. दुसरी, एका परीक्षेच्या गुणांवरून घरातील कोणाही मुलाला निकाली काढू नका. तिसरी, जे पदविकेवर थांबले आहेत त्यांनी स्वतःला थांबलेले समजू नये. आणि आपण जे पुढे गेलो आहोत त्यांनी त्यांच्या पुढच्या शिक्षणाची फी, पुस्तके आणि मार्गदर्शन ही आपली जबाबदारी मानावी. शिष्यवृत्तीची जाहिरात गावातील मुलापर्यंत वेळेवर पोहोचविणे, एवढे काम जरी प्रत्येकाने केले तरी पुष्कळ होईल. क्रुट्झन यांचे आयुष्य एका जाहिरातीने पालटले. ती त्यांच्या हाती पडली म्हणून पालटले.



जयभीम! जयभारत!